बोट, सिमित आणि बिनदुधाचा चहा: तुर्कस्तानला निघालेल्यांची पत्रं

मागच्या अंकात सहज लिहून गेले होते की कोणी तुर्कस्तानला जाणार असेल तर प्रश्न पाठवा, पण खाण्यापिण्याचे आणि निवांतपणाचे पाठवा, काय काय बघायचं ते विचारू नका, त्या याद्या कुठेही मिळतात. वाटलं चार-पाच पत्रं येतील. पत्रांचा ढीग आला! मी तीनदा गेलेय, त्यातले एकदा सलग पाच महिने कामासाठी इस्तंबूलला राहिले, त्यामुळे माझी उत्तरं जास्त करून त्याच शहराभोवती फिरणार, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न: आम्ही दोघं सात दिवस फक्त इस्तंबूलला जातोय. नवऱ्याने एक्सेलमध्ये बावीस जागांची यादी केलीय, वेळेसकट. मला एवढं पळायचं नाहीये. यादीत नसलेली पण केलीच पाहिजे अशी एक गोष्ट सांगा.

बोट. टुरिस्टांची क्रूझ नाही हं, रोज ऑफिसला जाणारे लोक ज्या बोटीने जातात ती. इस्तंबूलचा अर्धा भाग युरोपात आणि अर्धा आशियात, मधे बोस्फोरसची सामुद्रधुनी, आणि लोक सकाळ-संध्याकाळ हे खंड बदलत असतात, आपण प्लॅटफॉर्म बदलतो तसं. युरोपच्या बाजूच्या एमिनोन्यू किंवा काराकोयच्या धक्क्यावरून पलीकडच्या, आशियातल्या कादिकोयची बोट घ्यायची. इस्तंबूलकार्ट नावाचं कार्ड मिळतं, ते मेट्रो, ट्राम, बस, बोट सगळ्याला चालतं, गेटवर टेकवायचं आणि आत. साधारण वीस मिनिटं लागतात. २०१३ पासून समुद्राखालून ट्रेनही आहे, ती काही मिनिटांत पलीकडे पोचवते, पण तुम्हाला पोचायचंच नाहीये ना.

चढायच्या आधी धक्क्यावरच्या हातगाडीवरून दोन सिमित घ्या. सिमित म्हणजे बांगडीसारखा गोल पाव, द्राक्षाच्या काकवीच्या पाण्यात बुडवून मग तिळात घोळवून भाजलेला. सकाळचा असेल तर बाहेरून कुरकुरीत आणि आतून चिवट, ओढून तोडावा लागतो आणि तोडताना तीळ सगळ्या मांडीवर. संध्याकाळी घेतलात तर तोच सिमित कधीकधी दोरखंड झालेला असतो, म्हणून सकाळीच जा. बोटीत आत गरम असतं, लोक आत बसतात, तुम्ही बाहेरच्या लाकडी बाकावर बसा, कडेला. पाच मिनिटांत एकजण गोल ट्रेमधे चहाचे ग्लास घेऊन येतो, बोट डुलत असते आणि त्याच्या ट्रेमधला एक थेंब सांडत नाही, मी पाच महिने बघितलं, एकदाही नाही. निघताना तोंड मागे करून बसा म्हणजे सुलेमानिये मशिदीचा घुमट, टोपकापी महाल, गलाता टॉवर सगळं एका ओळीत लांब लांब जाताना दिसतं. नवऱ्याच्या यादीतली निम्मी नावं तिथेच उरकली असं सांगा त्यांना.

सीगल पक्षी बोटीबरोबर उडत येतात, लोक सिमितचे तुकडे हवेत फेकतात आणि ते वरच्यावर झेलतात. मुलं फेकतात, सुटातले काकाही फेकतात. पण तुकडा हातात धरून उभे राहू नका, बोटासकट नेतील.

कादिकोयला उतरलं की समोरच बाजाराच्या गल्ल्या. मासे, ऑलिव्हचे पिंप, चीजच्या वड्या, आणि लोणच्याची दुकानं, जिथे कोबीपासून हिरव्या टोमॅटोपर्यंत सगळं काचेच्या बरण्यांत रंगवून ठेवल्यासारखं दिसतं. तिथे लोणच्याचं आंबट-खारट पाणी ग्लासभर विकत मिळतं, त्याला तुर्शू सुयू म्हणतात. पहिला घोट घेतला की डोळे मिटतात, दुसऱ्याला उघडतात. परतीची बोट सूर्य मावळताना घ्या. झालं, एक अख्खा दिवस गेला आणि काहीच "बघितलं" नाही.

प्रश्न: मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सगळे म्हणतायत तिकडे नुसते कबाब. फराळाचे डबे भरून नेऊ का?

डबे थोडेसे न्या, मनाला आधार म्हणून. बाकी उपाशी राहणार नाही, उलट भाज्या शिजवाव्यात तर त्यांनी असं मी म्हणेन, पण थोडं सावध राहून विचारावं लागतं आणि ते कुठे हे नीट सांगते कारण मी स्वतः ठेच खाल्लीय.

दुपारी "एस्नाफ लोकांतासी" शोधा. एस्नाफ म्हणजे दुकानदार, कारागीर मंडळी, आणि त्यांच्या दुपारच्या जेवणाची ही खानावळ. काचेमागे मोठमोठे ट्रे मांडलेले, मेनू वाचायची भानगडच नाही, बोट दाखवायचं आणि ताट भरून घ्यायचं. लवकर जा, दोन-अडीचनंतर चांगलं संपतं. पावाची टोपली बहुतेक ठिकाणी जेवणाबरोबरच येते. यात "झेतिनयाली" हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार करून वाढलेल्या भाज्या. फरसबी, आर्टिचोक, लीक नावाची कांद्याची पात, सगळं गार आणि तरी चविष्ट. त्यातली राणी म्हणजे "इमाम बायल्दी", अख्खं वांगं चिरून त्यात कांदा, टोमॅटो, लसूण भरलेलं. नावाचा अर्थ "इमामाला घेरी आली". कोणी म्हणतं चवीने आली, कोणी म्हणतं बायकोने किती तेल ओतलं ते ऐकून आली.

पण! अगदी तसंच दिसणारं दुसरं वांगं शेजारच्याच ट्रेमधे असतं, "कार्नियारिक", त्यात "किय्मा" असतो. किय्मा म्हणजे आपला खिमाच. गार असेल तर बहुधा तुमचं, गरम असेल तर बहुधा नाही, आणि खात्री म्हणून विचारायचंच. तसंच द्राक्षाच्या पानांचे डोलमे: मांस नसलेल्याला ते "यालांजी" म्हणतात, म्हणजे खोटारडा. मांस नाही तर तो डोलमा कसला, असा त्यांचा हिशेब. आपण खोटारडेच मागायचे. आत भात, मनुके, पाइनचे दाणे, वरून लिंबू पिळा.

"बेन एत येमियोरुम", मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करा. आणि गंमत बघा, एवढं म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि प्रेमाने चिकन घेऊन येतो, कारण "एत" म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यापुढे बकरं नाहीतर गाय येते. म्हणून पुढे जोडायचं, "ताउक योक, बालिक योक", कोंबडी नको, मासा नको, आणि तुम्ही "युमुर्ता योक" पण, अंडं नको. मसुराचं सूप, मेरजिमेक चोरबासी, हे कुठेही मिळतं आणि लिंबू पिळून लाल तिखट भुरभुरलं की थंडीत दुसरं काही नको वाटतं, पण काहीजण ते मांसाच्या पाण्यात करतात. "एत सुयू वार मी?" एवढं विचारा. भाताचंही तेच, पांढराशुभ्र शेवया घातलेला भात दिसतो बिचारा साधा, आणि असतो कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला.

रस्त्यावर चिय क्योफ्ते खा. नावाचा अर्थ कच्च्या मांसाचा गोळा असा भयंकर आहे, पण आता साखळी दुकानांत मिळतो तो बिनमांसाचा, दलिया आणि तिखट मळून मळून केलेला, लेट्यूसच्या पानात गुंडाळून, वर डाळिंबाचा आंबट रस. बोटांचे ठसे उमटलेले असतात प्रत्येक गोळ्यावर. आणि गोझ्लेमे, मोठ्या गोल उपड्या तव्यावर पातळ लाटून भाजलेली, आत पालक किंवा चीज किंवा बटाटा. काही ठिकाणी बायका काचेमागे बसून लाटत असतात. ती बघत उभं राहिलं की आपोआप भूक लागते.

आता माझी ठेच. पहिल्या ट्रिपला एका मिठाईच्या दुकानात, नाव नाही सांगत, एक पांढरं दुधाचं, किंचित तार येणारं, वर दालचिनी असलेलं काहीतरी खाल्लं, आवडलं म्हणून दुसऱ्या दिवशी परत खाल्लं. तिसऱ्या दिवशी घरमालकिणीला कौतुकाने सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. त्याचं नाव ताउक ग्योसू, म्हणजे कोंबडीची छाती, आणि ते नुसतं नाव नाही, कोंबडीच्या छातीचे केसासारखे बारीक धागे काढून ते दुधात आटवतात! दुकानदाराला विचारलं होतं ना मी, म्हणाला होता "दूध, साखर, तांदूळ", बाकीचं त्याला सांगण्यासारखं वाटलं नसावं. काझानदिबी नावाचा खरपूस तळाचा प्रकार आहे, तोही मूळचा यातलाच, तो सुद्धा विचारून. तुम्ही सरळ "सुतलाच" मागा, मातीच्या वाडग्यात भट्टीत वरून डागलेली तांदळाची खीर. पण त्यातही कुठे कुठे अंड्याचा बलक घालतात, तेव्हा युमुर्ता विचारायला विसरू नका.

प्रश्न: वय ७१. लेक घेऊन चाललीय. माझं एकच, सकाळी दुधाचा चहा मिळेल का?

काकू, स्पष्ट सांगते, नाही. सोबत पावडर न्या आणि हॉटेलच्या खोलीत करून घ्या, कोणी काही म्हणत नाही.

पण एक कप त्यांच्या पद्धतीचा पिऊन बघाच. एकावर एक अशा दोन किटल्या असतात, तिला चायदानलिक म्हणतात (आपली चहादाणीच की!), खालच्या किटलीत नुसतं पाणी उकळतं, वरच्या किटलीत त्याच्या वाफेवर कडक चहा निवांत मुरत असतो. ग्लासात आधी वरचा कडक थोडासा, मग खालचं पाणी. म्हणून तुम्हाला हवा तसा मिळतो, फिका हवा तर "आचिक" म्हणा, कडक हवा तर "देमली". ग्लास मधे बारीक, वर-खाली फुगीर, त्याला ते "बारीक कमरेचा" म्हणतात, कान नसतो, वरच्या कडेला दोन बोटांत धरायचा. रंग कसा हवा तर सशाच्या रक्तासारखा, असं म्हणतात, ऐकायला कसंतरीच पण खरंच तसा लाल दिसतो. ग्लास रिकामा झाला की न विचारता भरतात. बास झालं असं सांगायचं असेल तर चमचा ग्लासावर आडवा ठेवा.

एवढा चहा पिणारा हा देश, पण काळ्या समुद्राकाठच्या रिझेला चहाचा पहिला कारखाना १९४७ साली आला. त्याआधी कॉफीचं राज्य होतं. आता कॉफी नंतरची गोष्ट, जेवणानंतर, छोट्या कपात, आणि साखर किती ते मागतानाच सांगायचं कारण साखर कॉफीबरोबरच शिजते: "सादे" बिनसाखरेची, "ओर्ता" मध्यम, "शेकेरली" गोड. सादे, शेकेर, काही भाषांतर करावं लागलं का काकू तुम्हाला? तळाचा गाळ मात्र पिऊ नका. तो कप बशीवर उपडा घालून भविष्य बघायला असतो. माझ्या घरमालकिणीने माझ्या गाळात मासा बघितला होता, म्हणाली पैसे येतील. त्या महिन्यात भाडं वाढलं.

प्रश्न: हॉटेलमधे ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे. तरी बाहेर नाश्ता करावा का?

एक दिवस तरी करा, रविवारी. आणि त्या दिवशी दुपारचं जेवण ठेवूच नका. "सेरप्मे काह्वाल्ती" मागायचं, म्हणजे पसरून मांडलेला नाश्ता, आणि मग टेबल दिसेनासं होतं: दोन-तीन प्रकारचं चीज, काळी-हिरवी ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, चार मुरांबे, तिळाचं पातळ वाटण आणि काकवी, गरम पाव. काह्वाल्ती म्हणजे "कॉफीच्या आधीचं", पोट रिकामं नको म्हणून खायचं काहीतरी, ते "काहीतरी" दोन-अडीच तास चालतं. मेनेमेन लोखंडी तव्यातच समोर येतं, टोमॅटो, मिरची, अंडं, थोडं पातळसर, पावाने निपटून खायचं. त्यात कांदा घालावा का नाही यावर तिथे घराघरात वाद आहेत, तुम्ही मत देऊ नका. 

आणि कायमाक! हे चुकवू नका. म्हशीच्या दुधाची जाड साय, गुंडाळी केलेली, त्यावर मध. बास. याच्यावर अजून लिहिलं तर मला इथे कामच होणार नाही.

प्रश्न: येताना काय आणू? बजेट बेताचं, माणसं भरपूर.

लोकुम, म्हणजे टर्किश डिलाइटच्या मऊ वड्या. पण रंगीत डब्यातलं, महिनोन्महिने शेल्फवर बसलेलं नको, समोर कापून, वजन करून देतात ते घ्या, डाळिंबाचं पिस्ता लावलेलं किंवा साधं गुलाबाचं. हे स्टार्च आणि साखरेचं असतं, जिलेटिनचं नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना चालेल. हाजी बेकिर यांचं दुकान १७७७ पासून आहे, एमिनोन्यूच्या जवळच, गर्दीतून सापडेल.

बकलावा, म्हणजे पापुद्र्यांची पाकातली मिठाई, आणणार असाल तर "कुरू", म्हणजे सुका, प्रवासाचा मागा, नेहमीचा पाकातला दोन दिवसांत मऊ पडतो. तो तिथेच खा, आणि उलटा करून खा, पाक मुरलेली खालची बाजू टाळूला लागली पाहिजे असं गाझियानतेप शहराचे लोक सांगतात. ती त्यांचीच खासियत आहे, २०१३ मधे युरोपियन युनियनने त्यांच्या बकलाव्याला भौगोलिक मानांकनही दिलं. काटा खुपसला की वरचे पापुद्रे करकर वाजले पाहिजेत. नाही वाजले तर दुसरं दुकान.

डाळिंबाचा आंबट आटवलेला रस, नार एक्शिसी, हा मात्र जरूर आणा, कोशिंबिरीवर थेंबभर पुरतो. लेबल बघा: "एक्शिली सोस" लिहिलं असेल तर ते साखरेच्या पाकाचं नकली प्रकरण. नुसतं "एक्शिसी" हवं. आणि बाटली दोन पिशव्यांत बांधून, मधे टॉवेल गुंडाळून, चेक-इन बॅगेत. माझी एक पांढरी कुर्ती अजून गुलाबी आहे. मसाला बाजारात स्वस्त केशर दिसलं तर ते केशर नाही, करडईच्या पाकळ्या आहेत.

प्रश्न: एकटी मुलगी, २६. इस्तंबूलहून कपादोक्याला रात्रीच्या बसने जाऊ का विमानाने?

विमान लवकर पोचवतं, पण तुला सुट्टी असेल आणि पाठ शाबूत असेल तर एक बाजू बसने कर गं. दहा-बारा तास लागतात, बसेस चांगल्या असतात, आणि तिकीट काढतानाच एकट्या बाईच्या शेजारी बाईच बसवायची त्यांची पद्धत आहे, तेवढं निवांत. बसमधे एक मदतनीस असतो. निघाल्यावर तो बाटली घेऊन सीटसीटला येतो, तू ओंजळ पुढे करायची, तो त्यात कोलोन्या ओततो. लिंबाच्या वासाचं स्पिरिटवालं पाणी, हातावर चोळायचं, मानेला लावायचं, सगळी बस एकदम लिंबाची होते. मग चहा, बिस्किटं, केक. घरी पाहुणा आला तरी कोलोन्या, दाढी करून झाली तरी कोलोन्या.

रात्री तीनला कुठल्यातरी ढाब्यासारख्या मोठ्या थांब्यावर बस थांबते, दिवे लख्ख, डोळे चुरचुरतायत, आणि सगळी झोपाळू माणसं ओळीने उभी राहून गरम सूप पितायत. माझ्या सगळ्या ट्रिपमधलं आवडतं जेवण कुठलं विचारलंस तर ते तीन वाजताचं सूप. बसचा नंबर मात्र लिहून ठेव, तिथे पन्नास बसेस सारख्याच दिसतात.

प्रश्न: हमाममधे जायची फार इच्छा आहे पण लाज वाटते. कपडे काढावे लागतात का?

बायकांचा विभाग वेगळा असतो, आत काम करणाऱ्याही बायकाच. "पेश्तेमाल" नावाचा चौकड्याचा पंचा देतात, तो गुंडाळायचा, आतले कपडे ठेवायचे असतील तर ठेवा, कोणी तुमच्याकडे बघत नाही, खरंच. मधोमध गरम संगमरवरी ओटा, त्यावर वीस मिनिटं नुसतं पडायचं आणि घुमटातल्या गोल भोकांमधून येणारा उजेड बघायचा. मग ती बाई येते, खरखरीत हातमोजा चढवते आणि घासायला लागते. मळाच्या वळ्या निघतात. निघतातच! मी रोज अंघोळ करणारी बाई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, ती मात्र माझ्याच हाताला लागलेलं मला दाखवून खूश. मग एक फडक्याची पिशवी हवेने फुगवते, पिळते, आणि तुम्ही पूर्ण फेसाखाली गायब. बाहेर आल्यावर "सिहातलेर ओल्सून" म्हणतात, तब्येतीला मानवो. चेम्बरलिताशचा हमाम १५८४ चा आहे, चाअलोलूचा १७४१ चा, देखणे आहेत पण महाग. गल्लीतले साधे हमाम स्वस्त, फक्त बायकांच्या वेळा आधी विचारून घ्या.

प्रश्न: इंग्रजी चालतं का?

टुरिस्ट भागात चालतं, गल्लीत नाही, आणि गल्लीतच मजा. पण मराठी माणसाला तिथे कान उघडे ठेवले की निम्मं ओळखीचं ऐकू येतं, कारण आपल्याकडे फारसी-अरबीतून जे शब्द आले तेच त्यांच्याकडेही गेले. बिल हवंय? "हेसाप", म्हणजे हिशेब. टीप? "बाह्शिश", बक्षीस, रेस्टॉरंटात साधारण दहा टक्के ठेवा. साबण "साबुन", दुकान "दुक्कान", मैदान "मेयदान", तराजू "तेराझी", अंजीर "इंजिर", सरबत "शेर्बेत", तारीख "तारिह". फक्त "तमाम"ला फसू नका, तिकडे त्याचा अर्थ ओके. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला "बाक्काल" म्हणतात आणि मला एकदम वाणी-बकाल आठवलं. त्यांची एक म्हण आहे की एका कप कॉफीची "हातिर" चाळीस वर्षं राहते. हातिर म्हणजे "तुझ्या खातर" मधली खातर. पाजणाऱ्याला विसरायचं नाही एवढं.

दोन वाक्यं शिकून जा. जेवण आवडलं तर वाढणाऱ्याला "एलिनिझे साअलिक", तुमच्या हातांना आरोग्य मिळो. आणि कोणीही काम करताना दिसला, झाडूवाला, दुकानदार, पायऱ्या पुसणारी बाई, तर जाता जाता "कोलाय गेलसिन", काम सोपं जावो. हे बोललात की चेहरा कसा बदलतो ते बघा. माझ्या बाक्कालने यावर मला एकदा अख्खा टरबूज उचलून दिला होता.

प्रश्न: फसवतात का हो?

थोडंफार. बूट पॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्यासमोर "चुकून" पडला तर उचलून देऊ नका, आभार म्हणून पॉलिश करतो आणि मग पैसे मागतो. मासे खाताना किंमत किलोची की प्लेटची ते आधी विचारा. भाव मी लिहीत नाही, लिराची महागाई अशी आहे की हा अंक छापून येईपर्यंत मेनूवर नवीन चिकट्या लागलेल्या असतील.

प्रश्न: एकटाच जातोय, ऑफिसच्या कामाला. डिसेंबर. संध्याकाळी पाचनंतर मोकळा. दारू पीत नाही. करू काय?

मित्रा, तुझा महिना उत्तम आहे. थंडी, पाऊस, लवकर अंधार. एक संध्याकाळ वेफा भागात जा, तिथे १८७६ पासूनचं बोझाचं दुकान आहे. बोझा म्हणजे धान्य आंबवून केलेलं घट्ट, आंबट-गोड पेय, थंडीतच प्यायचं. आंबवलेलं असल्याने त्यात नावापुरतं अल्कोहोल येतं, अगदीच वर्ज्य असेल तर तेवढं लक्षात घे. वर दालचिनी. आधी समोरच्या दुकानातून गरम भाजलेले चणे, लेब्लेबी, घ्यायचे आणि मग ते बोझावर टाकून चमच्याने खायचं. पहिल्या चमच्याला तुला आवडणार नाही. ग्लास संपेपर्यंत आवडेल, किंवा नाही आवडलं तर चणे आहेतच. बोटीवर सालेप मिळतं का बघ, गरम, दाट, दुधाचं. एखाद्या चहाच्या दुकानात तावला, म्हणजे बॅकगॅमन, खेळणारे म्हातारे असतात, फासे पडले की आकडे तुर्कीत नाही, फारसीत ओरडतात, "दू शेश!" मागे उभा राहिलास तर स्टूल सरकवतील.

आणि पाऊस थांबेल त्या दिवशी बोटीने आशियाच्या बाजूच्या उस्क्युदारला जा, किनाऱ्याने चालत किझ कुलेसीच्या समोर ये. समुद्रात एकटाच उभा असलेला छोटा मनोरा, पलीकडे जुन्या शहराच्या घुमटांमागे सूर्य जातो, आणि अलीकडे शेकडो माणसं कठड्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत असतात. चेकिर्देक म्हणतात त्याला. दाताने कट् करून फोडायची, जिभेने दाणा काढायचा, साल बाहेर. स्थानिक लोक हे बोलता बोलता, फोनवर भांडता भांडता, हात न लावता करतात, मला पाच महिन्यांत जमलं नाही. बाक्कालकडून मोठी पुडी घे, आणि सालं टाकायला एक रिकामी पिशवी वेगळी मागून घे, नाहीतर शेजारची आजी तुझ्याकडे अशी बघेल की तू सालं खिशात भरशील, मी भरली होती.